व्हर्सायचा तह अमेरिकन सिनेटमध्ये नेमका कोणी पाडला? विल्सन, लॉज आणि दोन-तृतीयांशाचं गणित

रास्तापेठी (धागाकर्ता)

परवा भाच्याची इतिहासाची उजळणी घेत होतो. 'अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य झाली नाही' या वाक्यापाशी गडी अडला. (राष्ट्रसंघ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची देशांची संघटना, तिचा करार व्हर्सायच्या शांतता तहातच गुंफलेला होता.) "मामा, राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन याचीच ना? मग त्याच्याच देशानं का नाही ऐकलं?" मी नेहमीचं उत्तर ठोकून दिलं, की अमेरिकेला युरोपच्या भानगडीत पडायचं नव्हतं. बोलता बोलताच जाणवलं की हे आपण शाळेत पाठ केलेलं वाक्य आहे, तपासलेलं कधीच नाही. रात्री मतदानाचे आकडे काढून बसलो आणि एक वाजला. म्हणून हा धागा.

अमेरिकन राज्यघटनेत युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांकडे आहे. तह अध्यक्ष करतो, पण त्यातल्या सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या 'सल्ला व संमती'नं, आणि हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश बाजूनं असतील तरच. साधं बहुमत मिळूनही तह पडू शकतो.

आता विल्सननं काय केलं पाहा. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, त्यानं मतदारांना जाहीर आवाहन केलं की काँग्रेस डेमोक्रॅटांच्याच हाती द्या. मतदारांनी नेमकं उलटं केलं. नव्या सिनेटमध्ये रिपब्लिकन ४९, डेमोक्रॅट ४७. तरी पॅरिसला जाताना पाच जणांच्या शिष्टमंडळात एकही सिनेटर नाही. रिपब्लिकन म्हणून एकटा हेन्री व्हाइट, तोही मुरलेला राजदूत, पक्षात त्याला कोण विचारतो? लग्नाला बोलावलं नाही आणि आहेराची मात्र अपेक्षा, असा सगळा प्रकार.

समोर होता हेन्री कॅबट लॉज, मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर आणि परराष्ट्र व्यवहार समितीचा अध्यक्ष. लॉजकडे हार्वर्डची डॉक्टरेट, विल्सनकडे जॉन्स हॉपकिन्सची. दोन पंडित एकमेकांना पाण्यात पाहत होते. १० जुलै १९१९ ला विल्सननं तह स्वतः सिनेटपुढे ठेवला. लॉजनं समितीत तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायला घेतला. अडीचशेहून अधिक पानं, दोन आठवडे! घाई त्याला नव्हतीच. वेळ जाईल तसा लोकांचा उत्साह ओसरेल, हा त्याचा हिशेब होता.

सगळं अडलं होतं राष्ट्रसंघाच्या कलम १० वर. सदस्य देशांची प्रादेशिक अखंडता आणि राजकीय स्वातंत्र्य बाहेरच्या आक्रमणापासून राखण्याची हमी त्यात होती. लॉजचं म्हणणं, असं वचन आत्ताच दिलं तर उद्या कुणाच्या तरी सीमेसाठी आमचं सैन्य जाईल आणि काँग्रेस नुसती बघत बसेल. त्यानं तहाला १४ अटी जोडल्या (विल्सनचे शांततेसाठीचे मुद्दे चौदा, म्हणून याच्या अटीही चौदा, खवचटपणा बघा). त्यातली कलम १० वरची अट थोडक्यात अशी, की काँग्रेसनं त्या त्या वेळी ठराव केल्याशिवाय अमेरिका बांधील नाही.

विल्सन म्हणे, कलम १० हा तर कराराचा गाभा. तो थेट जनतेकडे निघाला. ३ सप्टेंबरला आगगाडीनं प्रस्थान, तीनेक आठवड्यांत आठ हजार मैल, दिवसाला एक-दोन भाषणं, तेव्हा ध्वनिक्षेपक जेमतेम. २५ सप्टेंबरला कोलोराडोतल्या प्वेब्लोमध्ये शेवटचं भाषण झालं, त्या रात्री प्रकृती ढासळली, दौरा रद्द. २ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये पक्षाघाताचा झटका, डावी बाजू लुळी. त्यानंतर कागद कोणते आत जायचे आणि कोण भेटायचं हे त्याची बायको एडिथ ठरवू लागली.

आता ज्या आकड्यांनी माझी झोप उडवली ते. १९ नोव्हेंबर १९१९ : लॉजच्या अटींसह तह, बाजूनं ३९, विरुद्ध ५५. त्याच दिवशी अटींविना तह, बाजूनं ३८, विरुद्ध ५३. मग १९ मार्च १९२० ला पुन्हा मतदान, अटींसह : बाजूनं ४९, विरुद्ध ३५. एकूण ८४, म्हणजे हवी होती ५६. सात मतं कमी पडली.

त्या ३५ मध्ये कोण होते? आयडाहोचा बोराह, कॅलिफोर्नियाचा जॉन्सन असे काहीही झालं तरी नकोच म्हणणारे रिपब्लिकन १२. उरलेले २३ डेमोक्रॅट. विल्सनचेच! अटींसह तह नको, पाडा, असा अध्यक्षांचा निरोप होता म्हणून त्यांनी पाडला. २१ डेमोक्रॅट निरोप झुगारून बाजूनं गेले होते. या २३ मधले सात फिरले असते तर ५६ विरुद्ध २८, काट्यावर दोन-तृतीयांश.

म्हणून माझं मत असं बनलंय की तह लॉजनं पाडला नाही, विल्सननं पाडला. तुम्हाला काय वाटतं?

---

चौकस चिमणी

मस्त लिहिलंय. एक भाबडी शंका. तह पडला म्हणजे अमेरिका आणि जर्मनी कागदोपत्री युद्धातच राहिले का? किती दिवस?

---

रास्तापेठी

हो, तसंच झालं. तोफा थंडावल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला, कायद्यानं युद्ध चालू १९२१ च्या जुलैपर्यंत. मधे मे १९२० मध्ये काँग्रेसनं साध्या ठरावानं युद्ध संपवायचा घाट घातला होता, तर विल्सननं त्यावर नकाराधिकार वापरला.

---

काळा कोट

चिमणीताई, शंका भाबडी नाही, तिच्यावर खटले झालेत. २१ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे शस्त्रसंधी होऊन दहा दिवसांनी, 'युद्धकालीन दारूबंदी'च्या कायद्यावर सही झाली. दारू गाळणारे कोर्टात गेले, की युद्ध संपलंय, आता कसली युद्धकालीन बंदी? डिसेंबर १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तह झालेला नाही, युद्ध संपलेलं नाही, कायदा लागू. निकाल न्या. ब्रँडाइस यांचा. व्हर्सायच्या तहावर सही होऊन पाच महिने उलटले होते आणि केंटकीतली दारूची गोदामं कुलूपबंद.

आता धागाकर्त्याशी भांडण. शीर्षक चुकलं नाही, पण शेवटचं गणित चुकलं. सिनेट तह 'मंजूर' करत नाही. सिनेट संमती देते. त्यानंतर अनुसमर्थनाच्या, म्हणजे तह पक्का करण्याच्या, कागदावर सही करायची की नाही हे अध्यक्षाच्या हातात असतं, आणि तो नाही म्हणू शकतो. विल्सननं नोव्हेंबरातच डेमोक्रॅटांचा नेता हिचकॉक याला कळवलं होतं की या अटी म्हणजे अनुसमर्थन नसून तह रद्दबातल करणं आहे. म्हणजे मार्चमध्ये ती सात मतं आली असती, ५६ झाले असते, तरी कागद विल्सनच्या टेबलावर पडून राहण्याचीच शक्यता दाट. तुमचे 'सात फिरले असते तर' तिथंच संपतात.

---

रास्तापेठी

वकीलसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. मान्य. पण यानं माझा मुद्दा उलट पक्काच होतो ना? विल्सननंच पाडला!

---

काळा कोट

त्या अर्थी, हो. :)

---

निवृत्त मास्तर

लॉजला सगळेच खलनायक करतात, म्हणून त्याची बाजू मांडतो. सिनेटरांना वाटाघाटीत सोबत न्यायचं ही काही लॉजची लहर नव्हती, तशी ताजी वहिवाट होती. १८९८ साली स्पेनशी तह करताना अध्यक्ष मॅकिन्लीनं पाच जणांचं मंडळ पॅरिसला पाठवलं, त्यात तीन सिनेटर होते, आणि त्यातला ग्रे हा डेमोक्रॅट. तो तिथून तारा करत होता की फिलिपीन्स घेऊ नका, पण शेवटी सही त्यानंही केली आणि मतही बाजूनं दिलं. एवढं करूनही ६ फेब्रुवारी १८९९ चं मतदान बघा : ५७ विरुद्ध २७. एकूण ८४, लागणारी मतं ५६. एका मताचा जादा ऐवज! आणि दोनच दिवस आधी मनिलाजवळ फिलिपिनो सैन्याशी गोळीबार सुरू झाला होता. शांततेच्या तहाला संमती मिळाली तेव्हा नवं युद्ध दोन दिवसांचं झालेलं होतं.

रास्तापेठींच्या मार्च १९२० च्या मतदानातही एकूण ८४ च होते हा योगायोग. मॅकिन्लीला ५७ मिळाली, विल्सनला ४९.

आता याच्या बरोबर उलट गोष्ट, ती मला फार आवडते. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना १८४७ मध्ये अध्यक्ष पोकनं निकोलस ट्रिस्ट नावाचा माणूस वाटाघाटीला पाठवला. हुद्दा काय, तर परराष्ट्र खात्याचा मुख्य कारकून. (जेफर्सनच्या नातीचा नवरा, त्यामुळे अगदीच ऐरागैरा नव्हे.) तिकडे काम पुढे सरकेना, इकडे पोकची भूक वाढली, आणखी मुलूख हवा झाला. त्यानं ट्रिस्टला परत बोलावलं. पत्र पोचलं नोव्हेंबरात. ट्रिस्टनं विचार केला की आत्ता उठून गेलो तर समोर तह करणारं सरकारच उरणार नाही. त्यानं ६५ पानांचं उत्तर लिहिलं, ज्याचा अर्थ 'येत नाही', आणि अधिकार काढून घेतलेले असताना २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालुपे इदाल्गोला सही करून मोकळा झाला.

पोकचा संताप झाला, पण तहात कॅलिफोर्निया होता, न्यू मेक्सिको होता, दीड कोटी डॉलरांत. नाही कसं म्हणणार? त्यानं तोच कागद सिनेटकडे पाठवला. १० मार्चला ३८ विरुद्ध १४ नं संमती. ट्रिस्टची नोकरी गेली, थकलेला पगारही अडवला. तो त्याला मिळाला १८७१ मध्ये. सरकारी थकबाकी सगळीकडे सारखीच.

आणि गंमत : सिनेटनं त्या तहातलंही एक कलम अख्खं उडवलं. मेक्सिकन सरकारनं दिलेल्या जमिनींच्या हक्काबद्दलचं. त्याचा क्रमांकही १० च.

---

ओसरीवरून

ट्रिस्टचा किस्सा भारी आहे मास्तर. पण मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख गेला हे 'आवडते' म्हणताना जरा अडखळायला हवं होतं. ज्या कुटुंबांची जमीन त्या उडवलेल्या कलमात होती, त्यांच्या पुढच्या पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या.

बाकी, या चर्चेत आपण कुठे होतो हे कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. व्हर्सायच्या तहावर भारताची सही आहे : भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. आपल्याकडच्या राष्ट्रीय काँग्रेसनं दिल्ली अधिवेशनात पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी नावं काढली होती ती टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची. टिळक तेव्हा पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस हाकेच्या अंतरावर, पण सरकारनं पासपोर्ट नाकारला. मग त्यांनी परिषदेचा अध्यक्ष क्लेमांसो याला निवेदन पाठवलं. स्वयंनिर्णयाचा विल्सनचा शब्द उचलून तो भारताला लावा, असा त्याचा सूर.

आणि सिनेटमध्ये भारताचं नाव निघालं ते कशासाठी? राष्ट्रसंघात ब्रिटिश साम्राज्याला सहा मतं मिळतात म्हणून : ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, भारत. आम्हाला एक आणि लंडनला सहा, हा अन्याय, अशी ओरड. तिच्यासाठी अटींमध्ये वेगळी अटही आली. ज्या देशाला स्वतःचा प्रतिनिधी पाठवता येत नव्हता, त्याच्या मताची अमेरिकेत धास्ती!

---

चौकस चिमणी

सहा मतांचं अजिबात माहीत नव्हतं. टाळ्या.

---

मिरचीभजी

एवढं लांबण कशाला? आत्ताचे अध्यक्ष काय करताहेत त्यावर बोला की. सिनेट-बिनेट कोण विचारतंय आता

---

रास्तापेठी

भजीसाहेब, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथं नको. दोनशे प्रतिसाद होतील आणि विल्सन बिचारा पुन्हा आजारी पडेल.

---

काळा कोट

भजींच्या प्रश्नात तथ्य आहे, फक्त तो आजचा नाही. सिनेटला वळसा घालायची वाट जुनी आहे. टेक्ससच्या विलीनीकरणाचा तह जून १८४४ मध्ये सिनेटमध्ये सपशेल पडला, १६ विरुद्ध ३५. पुढच्याच मार्चला तीच गोष्ट दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावानं झाली, जिथं साधं बहुमत पुरतं. दोन-तृतीयांशाच्या दारातून जात नाही ना, मग मागचं दार. विसाव्या शतकात तर अध्यक्ष स्वतःच्या अखत्यारीत करार करून मोकळे होऊ लागले. जानेवारी १९७३ चा व्हिएतनामविषयीचा पॅरिस करार सिनेटकडे गेलाच नाही. निक्सननं दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष थिएउ याला खासगी पत्रांतून मदतीची वचनं दिली होती, ती काँग्रेसला बांधील नव्हती, आणि वेळ आली तेव्हा काँग्रेसनं पैसे दिले नाहीत. १९७३ मध्येच ७ नोव्हेंबरला निक्सनचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांचा ठराव कायदा झाला. लॉजची कलम १० वरची अट आणि हा कायदा शेजारी ठेवून वाचा. मागणी तीच आहे, की सैन्य पाठवण्याआधी आम्हाला विचारा.

आता घटनेच्या मुळाशी. युद्ध काँग्रेसनं पुकारायचं, मग संपवायचं कोणी? घटनेत शब्दच नाही. विसरले म्हणून नाही. १७ ऑगस्ट १७८७ ला फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत बटलर या सदस्यानं सुचवलं होतं की युद्धाबरोबर शांततेचा अधिकारही विधिमंडळाला द्या. गेरीनं अनुमोदन दिलं, पण मतदानात ती सूचना एकमतानं पडली. सप्टेंबरात मॅडिसननं दोन गोष्टी मांडल्या. एक, शांततेच्या तहांना दोन-तृतीयांशाची अट नको, म्हणजे युद्ध संपवणं सोपं राहील. दुसरी त्याहून धीट : दोन-तृतीयांश सिनेटरांना अध्यक्षाच्या होकाराशिवायही शांततेचा तह करता यावा. कारण युद्धात अध्यक्षाचं महत्त्व इतकं वाढतं की त्याला ते संपवायचा मोह होणार नाही. दुसरी सूचना पडली. पहिली मान्य झाली आणि दुसऱ्या दिवशी परत घेतली गेली. ती राहिली असती तर मार्च १९२० मध्ये ४९ विरुद्ध ३५ पुरेसे होते. (सही करायची की नाही हा प्रश्न उरतोच, माहीत आहे, मीच मांडलाय.)

---

निवृत्त मास्तर

आणि 'सल्ला' या शब्दाचं काय झालं तेही सांगा की वकीलसाहेब.

---

काळा कोट

मास्तर, तो मान तुमचा.

---

निवृत्त मास्तर

बरं. २२ ऑगस्ट १७८९, शनिवार. पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सल्ला म्हणजे खरोखर सल्ला समजून स्वतः सिनेटमध्ये गेला. क्रीक आणि दक्षिणेकडच्या इतर जमातींशी करायच्या तहाबद्दल प्रश्न लिहून नेले होते. उपाध्यक्ष ॲडम्स वाचायला लागला, तर बाहेर रस्त्यावर घोडागाड्यांचा असा खडखडाट की आत शब्द ऐकू येईना. खिडक्या लावल्या, पुन्हा वाचलं. मग सिनेटर म्हणाले, कागद समितीकडे देऊ, विचार करून सांगू. वॉशिंग्टन भडकला, म्हणाला यानं माझ्या इथं येण्याचा हेतूच फसतो. सोमवारी परत आला, काम उरकलं, पण त्यानंतर सल्ला घ्यायला तो पुन्हा कधी तिथं गेला नाही. हे आपल्याला कळतं ते मॅक्ले नावाच्या सिनेटरच्या रोजनिशीमुळं. त्या दिवसापासून सल्ला गेला, संमती उरली. विल्सन त्याच वाटेनं गेला, फक्त त्याला संमतीही मिळाली नाही.

---

चौकस चिमणी

आपल्याकडे कसं असतं? संसदेला विचारतात का?

---

काळा कोट

करार करण्यासाठी नाही. तो कार्यकारी अधिकार. अंमलबजावणीला कायदा लागला तर संसद, अनुच्छेद २५३. मुलूख द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती, बेरुबारी प्रकरणात (पाकिस्तानला मुलूख देण्याबद्दलच्या) १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. म्हणून तर बांगलादेशबरोबर गावांची अदलाबदल करायला २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती लागली.

उत्तम तुलना म्हणजे भारत-अमेरिका अणुकरार. भारतात करारावर मतदान नव्हतंच. जुलै २००८ मध्ये झालं ते सरकारवरच्या विश्वासाचं, २७५ विरुद्ध २५६. अमेरिकेत तो 'तह' म्हणून गेलाच नाही, दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमतानं गेला. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ पडले, म्हणजे दोन-तृतीयांश असतेच, पण लागत नव्हते.

---

जर्सीकर

उशिरा आलो. युद्ध शेवटी संपलं कुठं हे कुणी लिहिलं नाही, आणि ते माझ्या घराजवळ आहे, म्हणून लिहितो.

विल्सननंतर हार्डिंग आला. काँग्रेसनं नॉक्स-पोर्टर ठराव केला : युद्ध संपलं असं जाहीर करतो. २ जुलै १९२१ ला हार्डिंग न्यू जर्सीत रॅरिटनला, सिनेटर फ्रीलिंगहायझनच्या बंगल्यावर सुट्टीला आला होता आणि गोल्फ खेळत होता. वॉशिंग्टनहून कागद तिथं आणला. तो मैदानावरून आला, वाचलं, सही केली आणि परत खेळायला गेला. व्हर्सायला आरसे महाल, इथं दिवाणखाना. मग ऑगस्टमध्ये बर्लिनला जर्मनीशी वेगळा तह झाला, त्यात व्हर्सायचे फायदे घेतले आणि राष्ट्रसंघ वगळला. ऑक्टोबरात सिनेटनं संमतीही दिली.

ब्रिजवॉटरच्या बालाजीला जाणाऱ्या इथल्या निम्म्या मराठी मंडळींनी ती जागा गाडीतून पाहिली असेल, ओळखली नसेल. बंगला केव्हाच जळून गेला. सॉमरव्हिलच्या मोठ्या चौकाजवळ, दुकानांच्या पार्किंगच्या कडेला, एक दगड आणि त्यावर फलक एवढंच आहे. मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा लेकीला वाटलं गाडी पंक्चर झाली.

---

रास्तापेठी

जर्सीकर, फोटो टाका ना! भाच्याला दाखवतो.

---

काळा कोट

फोटो काढलात तर तारीखही टिपा. हार्डिंगनं उद्घोषणा काढली १४ नोव्हेंबर १९२१ ला, आणि तीत म्हटलं की युद्ध २ जुलैलाच संपलेलं आहे. मधल्या साडेचार महिन्यांत युद्ध चालू होतं की नव्हतं, यावर तुम्ही हवं ते भांडा, मी फी घेणार नाही.

---

जर्सीकर

रविवारी जातोय देवळात. येताना काढतो. दगडापुढे कुणी गाडी लावलेली नसली म्हणजे झालं.